पिल्स्ना बोटीवरचा नाताळ

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या कारंजा (घाडगे) परिसरात डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे तुरीच्या शेंगा, कपाशीची वेचणी आणि आंबिया बहाराची उरलीसुरली संत्री गाडीत भरण्याची घाई. गेल्या काही वर्षांत त्यात सांताक्लॉजची भर पडली आहे. विदर्भात इंग्रजी शाळेला सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, मग तिच्या फाटकावर सरस्वती का विराजमान असेना. नाताळच्या आधी या कॉन्व्हेंटांतून फर्मान निघतं: केजीच्या पोरांना लाल डगला, लाल टोपी आणि पांढरी दाढी लावून पाठवा. दाढीसाठी मेडिकलमधून कापसाची गुंडाळी आणायची. घरात कापसाची गंजी लागलेली असली तरी दाढीचा कापूस विकतचा, हा आमच्या कापूसपट्ट्याचा खास विनोद. पोरं खूश असतात, आई-बाप फोटो काढण्यात गुंग असतात. मला त्यात वावगं काही दिसत नाही. दुसऱ्याचा सण घरी येतो तेव्हा आधी त्याचा पोशाख येतो, मग खाऊ. अर्थ मागाहून येतो, कधी येतही नाही.

तो अर्थ शोधायचा तर मला जेमतेम दोन पानांचं एक भाषण आठवतं. गांधीजींनी ते २५ डिसेंबर १९३१ रोजी ‘पिल्स्ना’ या इटालियन बोटीवर केलं. महादेवभाई देसाईंनी टिपून घेतलं, ३१ डिसेंबरच्या ‘यंग इंडिया’त ते छापून आलं, आणि आज समग्र गांधी वाङ्मयाच्या ४८ व्या खंडात वाचायला मिळतं. गांधीजींच्या राजकीय भाषणांवर ग्रंथ झाले आहेत. या दोन पानांकडे साहित्य म्हणून पाहिलेलं मात्र माझ्या वाचनात नाही. पाहायला हवं, कारण परक्या सणाला पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने काय बोलावं याचा इतका धीट नमुना दुसरा सापडणं कठीण.

प्रसंग असा. दुसरी गोलमेज परिषद हाती काही न लागता संपली होती. १२ सप्टेंबरपासून ५ डिसेंबरपर्यंत गांधीजी लंडनच्या पूर्व भागात, बो वस्तीतल्या किंग्जली हॉलमध्ये राहिले. म्युरिएल लेस्टर यांनी कामगारवस्तीत चालवलेलं ते सेवाकेंद्र. तिथली माणसं स्वेच्छेने येऊन राहिलेली, झाडलोटीपासून सगळं काम स्वतः करणारी. २ ऑक्टोबरला वस्तीतल्या पोरांनी या ‘गांधीकाकां’ना वाढदिवसाच्या भेटी पाठवल्या होत्या: लोकरीचे कुत्रे, गुलाबी मेणबत्त्या, निळी पेन्सिल, गोळ्या. पुढे पॅरिस, मग स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याकडे पाच-सहा दिवस, मग रोम. १४ डिसेंबरला ब्रिंडिसी बंदरात पिल्स्ना पकडली. नाताळची सकाळ उजाडली तेव्हा मुंबई तीन दिवसांवर होती. बरोबर महादेवभाई, मीराबेन वगैरे मंडळी. बोटीवरच्या काही ख्रिस्ती सहप्रवाशांनी आग्रह धरला की आज आमच्या सणाला तुम्ही दोन शब्द बोला. प्रार्थना झाली, नाताळचं गीत गाऊन झालं आणि गांधीजी बोलू लागले.

घरापासून दूर, समुद्रावर सण आलेली ही मंडळी. त्यांना गोड बोलून वाटेला लावणं सहज शक्य होतं. सर्व धर्म चांगले, येशू थोर, सणाच्या शुभेच्छा. एवढ्यावर टाळ्या पडल्या असत्या. गांधीजींनी तसं केलं नाही. पहिल्याच वाक्यात ते स्वतःला बाहेरचा माणूस म्हणवतात: माझ्यासारख्या परक्याला ही कथा कशी भिडली तेवढं सांगतो. या वाक्याने दोन गोष्टी साधतात. ख्रिस्ती धर्म काय आहे हे ख्रिस्ती माणसांना शिकवण्याचा आव टळतो. आणि परका म्हणून जे वाटलं ते आडपडदा न ठेवता सांगण्याची मोकळीकही मिळते. पुढचं सगळं भाषण या मोकळिकीवर चालतं.

मग थोडी आत्मकथा येते. पंचेचाळीस एक वर्षांपूर्वी बायबलशी ओळख झाली. जुना करार वाचला, पण तो मुख्यतः एका मित्राला दिलेलं वचन पाळण्यासाठी. मन काही रमलं नाही. कोट्यवधी लोकांच्या पवित्र ग्रंथाचा मोठा भाग आपल्याला कंटाळवाणा वाटला, हे त्यांच्याच सणाच्या सकाळी सांगायचं! सांगण्याच्या पद्धतीमुळे ते टोचत नाही, कारण ग्रंथावर टीका करण्याऐवजी ते स्वतःच्या वाचनाची हकिकत सांगतात. लगेच पुढे येशूचं डोंगरावरचं प्रवचन येतं आणि सूर पालटतो. ते वाचताना काहीतरी नवं सापडल्याचा आनंद झाला असं ते म्हणत नाहीत. लहानपणी शिकलेलं, आजूबाजूच्या जगण्यात पाहिलेलंच पुन्हा ऐकू आलं असं म्हणतात. लहानपणी काय शिकलो हे इथे उघड केलेलं नाही. आत्मकथेत मात्र त्यांनी कवी शामळ भट्टांच्या गुजराती छप्प्याचा उल्लेख याच संदर्भात केला आहे. मराठी वाचकाला इथे पैठणचे एकनाथ आठवतील: गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकतो आणि नाथ पुन्हा पुन्हा नदीवर जातात. एका थपडेला दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण आमच्याकडे आजीच्या गोष्टीतून आलेली असते. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो. गांधीजींची वाट त्याच जातीची, फक्त ते पुलाच्या पलीकडे राहायला गेले नाहीत.

यानंतर भाषणातला एकमेव विनोद येतो, तोही बोचरा. तोवर माझी समजूत अशी होती, ते सांगतात, की ख्रिस्ती होणं म्हणजे एका हातात ब्रँडीची बाटली आणि दुसऱ्या हातात गोमांस. राजकोटच्या शाळेजवळ उभं राहून हिंदू देवांची टिंगल करणाऱ्या पाद्र्याची आठवण त्यामागे आहे. बोटीवर त्या दिवशी जेवणाच्या टेबलांवर काय काय मांडलं जाणार होतं याचा अंदाज कुणालाही करता येईल. म्हणजे हा विनोद थेट श्रोत्यांच्या ताटाशी जाऊन बसतो. पण तो सोडून देतानाच ते दारही उघडतात: डोंगरावरच्या प्रवचनाने हा समज खोटा ठरवला, आणि पुढे खऱ्या ख्रिस्ती माणसांशी गाठ पडत गेली.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती दोन मैलांची गोष्ट. एक मैल चल म्हटलं तर दोन मैल जा, ही येशूची शिकवण गांधीजी इथे एका दमात, थपडेच्या जोडीने सांगून टाकतात. वाचकाने मात्र इथे थबकावं. त्या काळच्या पॅलेस्टाइनमध्ये रोमन शिपाई वाटेवरच्या कुणालाही पकडून ओझं वाहायला लावू शकत असे. आपल्याकडे त्याला वेठ म्हणत. पाटील-देशमुखांच्या, नंतर गोऱ्या साहेबाच्या दौऱ्यात गावच्या महाराने, बलुतेदाराने, कुळाने जी वाहिली तीच. म्हणजे ही शिकवण पारतंत्र्यातल्या माणसाला दिलेली आहे. पहिला मैल राज्यकर्त्याच्या हुकमाचा. दुसरा स्वतःच्या मर्जीचा, आणि त्या दुसऱ्या मैलावर शिपायाचा हुकूम चालत नाही. साम्राज्याच्या राजधानीतून रिकाम्या हाताने परतणारा नेता हे बोलतो आहे हे ध्यानात घेतलं की एरवी भाबडं वाटणारं वाक्य एकदम राजकीय होतं. गंमत अशी की अख्ख्या भाषणात परिषदेचा, पंतप्रधान मॅक्डोनल्डसाहेबांचा, काँग्रेसचा चकार शब्द नाही. जे मनात सगळ्यात जास्त घोळत असणार तेच बाहेर ठेवलं आहे. दोन मैल ही एकच फट, आणि तीही वाचकाने शोधली तर.

पुढचं विधान मात्र श्रोत्यांना जड गेलं असेल. ऐतिहासिक येशूत मला कधी रस नव्हता, ते सांगतात. असा माणूस झालाच नाही असं उद्या कुणी सिद्ध केलं तरी माझ्या लेखी डोंगरावरचं प्रवचन खरंच राहील. नाताळ हा जन्माचा सण. अमुक गावी, अमुक राजाच्या काळात, गोठ्यात एक मूल जन्मलं, यावर तो उभा आहे. त्याच दिवशी त्या जन्माचा दाखला मला नको असं म्हणणं म्हणजे बारशाला जाऊन पाळण्याकडे न पाहण्यासारखं. श्रद्धावान ख्रिस्ती वाचक इथे अडेल, आणि त्याचं अडणं रास्त आहे. त्याच्यासाठी शिकवण आणि शिकवणारा यांची फारकत होऊच शकत नाही. राम-कृष्णांच्या ऐतिहासिकतेविषयीही गांधीजी असंच बोलत, हे खरं. पण एका परंपरेत चालणारी मोकळीक दुसऱ्या परंपरेत जशीच्या तशी चालेल असं नाही, याचा विचार या परिच्छेदात दिसत नाही. मला हा भाषणातला सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात कमी पाहुणचाराचा भाग वाटतो.

इथवर पूर्वरंग. उत्तररंग सुरू होतो तो नुकत्याच गायलेल्या गीतावरून. त्या गीतात आकाशात देवाला गौरव आणि पृथ्वीवर शांती अशी देवदूतांची ग्वाही आहे. गांधीजी ती ओळ उचलतात आणि म्हणतात की आज तर मला ना गौरव दिसत, ना शांती. शांतीची ही भूक भागलेली नाही तोवर ख्रिस्त अजून जन्मायचाच आहे. जन्मोत्सवाच्या सकाळी जन्मच पुढे ढकलला! पण हे ढकलणं नाकारण्यासाठी केलेलं नाही. शांती जेव्हा एकेकट्याच्या आणि सगळ्यांच्या मिळून जगण्यात उतरेल तेव्हा ख्रिस्त जन्मला म्हणू. मग वर्षातला एकच दिवस राखून ठेवायची गरज उरणार नाही, प्रत्येकाच्या आयुष्यात तो जन्म पुन्हा पुन्हा घडेल. आधी ज्या इतिहासाला त्यांनी बाजूला सारलं त्याची जागा इथे भरून निघते. भूतकाळातली घटना भविष्यकाळात नेऊन ठेवली जाते. दोन हजार वर्षं म्हणजे जिवंत धर्माच्या आयुष्यात काहीच नव्हेत, हे मधलं वाक्य वाचताना सहज निसटतं, पण सगळा धीर त्यात आहे. चर्चला नावं ठेवण्याऐवजी गांधीजी तिला मुदत वाढवून देतात.

शुभेच्छांवरचं बोलणंही असंच. अर्थ मनात नसताना ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणणं ही कोरी औपचारिकता, आणि साऱ्या जीवसृष्टीसाठी शांती मागितल्याखेरीज स्वतःसाठी मागताच येत नाही. हे वाचताना पसायदान मनात वाजू लागतं, कारण तिथेही ज्ञानदेव मागणं मागतात ते सगळ्या भूतांसाठी. फरक शैलीचा. ज्ञानदेव मागणं वाढवत, फुलवत नेतात. गांधीजी एकदम युक्लिडच्या भूमितीचा दाखला देतात: हे गृहीतकाइतकं स्वयंसिद्ध आहे. प्रार्थनेच्या ऐन भरात भूमिती! मला ती आवडते. भावनेला पाणी सुटायची वेळ आली की हा माणूस वकिलासारखा कोरडा होतो, आणि श्रोत्याला डोळे पुसायच्या ऐवजी विचार करायला लावतो.

शेवटच्या चार-पाच वाक्यांत ते जन्मावरून क्रुसावर येतात. कलहाच्या मध्यावरही शांती अनुभवता येते, पण कलह मिटवण्यासाठी स्वतःला क्रुसावर चढवलं तरच. जन्म जसा रोज घडणारा, तसा क्रूसही रोजचा. म्हणून एकाचा विचार दुसऱ्याशिवाय करू नये. कला म्हणून पाहिलं तर हा शेवट थोडा घाईचा आहे. इथे सूत्रामागून सूत्र येतं, एखादं उदाहरण असतं तर बरं झालं असतं. पण ते आलं कुठून हे सांगता येतं. दहा-बारा दिवसांपूर्वीच रोममध्ये, व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमध्ये, गांधीजी क्रुसावरच्या येशूच्या मूर्तीसमोर बराच वेळ थांबले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. भाषणात त्या मूर्तीचा उल्लेख नाही, पण शेवटच्या वाक्यांत ती उभी आहे.

एक प्रश्न मात्र विदर्भातल्या वाचकाला विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. प्रतिकार न करण्याची शिकवण आपण बालपणी भोवतालच्या जगण्यात पाहिली, असं गांधीजी म्हणतात. ते कुणाचं जगणं? त्याच गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकर त्यांच्यासमोर बसून गावगाड्याच्या तळाशी दबलेल्यांची बाजू मांडत होते. या माणसांच्या वाट्याला थप्पडच आली होती, दुसरा गाल पुढे करायची निवड त्यांना कधी मिळालीच नाही. वेठ वाहणाऱ्याला दुसरा मैल चालायला सांगणं ही गोष्ट, सांगणारा कोण यावर अवलंबून आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीपासून फार लांब नसलेल्या आमच्या तालुक्यात हे भाषण वाचताना ही बाजू झाकता येणार नाही. सर्वांसाठी शांती मागितल्याखेरीज स्वतःसाठी मागता येत नाही, हे त्यांचंच भूमितीचं गृहीतक त्यांच्या बालपणाच्या चित्राला लावलं तर ते चित्र अपुरं ठरतं. भाषणाचं मोठेपण असं की ते मोजायला लागणारी पट्टी त्यातच मिळते.

पिल्स्ना २८ डिसेंबरला मुंबईला लागली. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मणिभवनात गांधीजींना अटक झाली आणि येरवड्याची वाट धरावी लागली. साबरमती तर १९३० च्या दांडीयात्रेपासूनच सुटली होती. १९३४ पासून त्यांचं ठाणं आमच्या वर्ध्यात, आणि ३० एप्रिल १९३६ पासून शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात. पिल्स्नावर शेजारी बसलेल्या मीराबेन, इंग्रज ॲडमिरलची मुलगी, या गावात गांधीजींच्याही आधी येऊन राहिल्या होत्या. आज जिला बापूकुटी म्हणतात ती मूळची मीराबेनची झोपडी. तिच्या मातीच्या भिंतीवर उठवलेली झाडं त्यांच्याच हातची. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर सेवाग्रामात आठवडाभर राहिले तेव्हा त्या कुटीच्या भिंतीवर त्यांना एकच चित्र दिसलं: येशूचं, आणि खाली ख्रिस्त हीच आपली शांती अशा आशयाची ओळ. बोटीवरचं भाषण त्या भिंतीवर टांगलेलं होतं म्हणायला हरकत नाही.

आणखी एक नाताळ सांगायला हवा. डिसेंबर १९४९ मध्ये जागतिक शांततावादी परिषद आधी शांतिनिकेतनात आणि मग महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सेवाग्रामात भरली. परिषदेची कल्पना गांधीजी हयात असतानाची. भरली तेव्हा ते नव्हते. देशोदेशींचे युद्धविरोधी कार्यकर्ते वर्धा स्टेशनावर उतरले आणि घरच्या शेकोट्या, झाडं, पुडिंग सोडून कुडाच्या झोपड्यांत त्यांचा सण आला. त्यांत इंग्रज लेखिका व्हेरा ब्रिटन होत्या. पहिल्या महायुद्धात त्या स्वयंसेवक परिचारिका. १९१५ च्या नाताळात वाग्दत्त वर रोलंड लेटन रजेवर येणार म्हणून त्या वाट पाहत होत्या. आली ती तो २३ डिसेंबरला आघाडीवर मेल्याची बातमी. पुढचा नाताळ त्यांनी माल्टात जखमी सैनिकांची सेवा करत काढला. ‘टेस्टामेंट ऑफ यूथ’ हे १९३३ चं पुस्तक त्या आठवणींचं, आणि भारतातल्या प्रवासावरचं ‘सर्च आफ्टर सनराइज’ १९५१ चं. पृथ्वीवर शांती हे गीत गाताना अशा बाईला काय वाटत असेल याचा विचार केला की ख्रिस्त अजून जन्मायचा आहे हे वाक्य फटकळ वाटत नाही. तिला ते कुणी सांगायचीही गरज नव्हती.

परदेशी जाऊन राबणाऱ्या स्वयंसेवकांचा धागा याच भाषणाच्या आसपास विणलेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसेवेची चळवळ १९२० मध्ये सुरू करणारे स्विस पिएर सेरेझोल गांधीजींना स्वित्झर्लंडच्या त्याच मुक्कामात भेटले, आणि १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये घरं उभारायला आले. त्यांच्याच संघटनेचे तरुण १९५० च्या दशकात आमच्या शेजारच्या वरोऱ्याला, बाबा आमट्यांच्या आनंदवनात, विटा-माती वाहायला होते. दुसरा मैल म्हणतात तो हाच.

तेव्हा कारंज्यातल्या, आर्वी-आष्टीतल्या, सगळ्याच कॉन्व्हेंटांच्या शिक्षकांना एक विनंती. पोरांना दाढ्या जरूर लावा, टॉफ्या जरूर वाटा. फक्त त्या कार्यक्रमात आठवी-नववीच्या एखाद्या मुलीला हे भाषण मराठीत करून वाचायला द्या. वाचायला पाच-सात मिनिटं लागतात. आणि सहल सेवाग्रामला जाणारच असेल तर ती नाताळच्या सुटीत काढा.